बुरोंडकरांची पडवी

अश्दोद, इस्राएल
६ नोव्हेंबर २०२२

प्रिय आत्या,

शालोम आणि नमस्कार.

इथे कायमचं राहायला येण्याचे तुझे कागद मंजूर झाले. परवा कचेरीतून फोन आला. आता तू फक्त विमानात बसायचं आहे. बाबा गेल्यापासून त्यांची खोली दोन वर्षं बंद होती, ती मी तुझ्यासाठी रंगवून घेतली. खिडकीखाली टेबल ठेवलं आहे. तिथून समुद्र दिसत नाही, पण वारा फिरला की वास येतो. बाबा म्हणायचे, हर्णैच्या समुद्राची सर नाही, पण चालवून घेऊ.

जानेवारीत ये. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दापोलीत एकटीने राहण्यात काय आहे? फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही. तुला ऐकू येत नाही आणि तू नुसती "हो, हो" म्हणत राहतेस. म्हणून हे पत्र. शेजारच्या मालिनीकाकू ते झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणतील. तू उत्तर हाताने लिही, त्या फोटो काढून पाठवतील. वाचणार नाहीत असं त्यांनी कबूल केलं आहे.

घराचं पुढे बघू. निघण्याआधी पडवीतलं सामान मात्र कुणाला तरी देऊन टाक. ती मोठी पातेली मला अजून आठवतात. आम्ही इकडे यायला निघालो त्या दिवशी मी त्यातल्या एकात लपून बसले होते. सात वर्षांची होते. मला जायचं नव्हतं.

तुझी,
शुला


दापोली
२० नोव्हेंबर २०२२

चि. शुला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. खोली रंगवलीस, बरं वाटलं. "फक्त विमानात बसायचं" असं लिहिलंस. इथून मुंबई गाठेपर्यंतच माणसाचं निम्मं आयुष्य एसटीत जातं, हे तू विसरलीस.

जानेवारी जमायचं नाही. तुळशीची लग्नं झाली, आता माणसांची सुरू झाली आहेत. पातेली पुढचे दोन महिने घरात टेकणार नाहीत.

आणि देऊन टाक म्हणतेस, ते कसं देऊ? आपलं असेल ते देता येतं. तुला लहानपणी कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगते.

माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा एलोजी, बुरोंडीला तेलाचा घाणा चालवायचे. शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद, आणि गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मोठ्या मुलीच्या लग्नाला त्यांनी तांब्याची तीन पातेली घेतली. लग्न झालं, पातेली रिकामी झाली. शेजारच्या घरात महिन्याने लग्न निघालं आणि त्यांच्याकडे भात शिजवायला भांडं नव्हतं. आजोबांनी पातेली पडवीत ठेवली आणि पडवीला बाहेरून एक दार पाडलं. त्या दाराला कडी होती, कुलूप कधीच नव्हतं. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून ठेवावं. विचारायला आत यायचीही गरज नाही. मागताना माणसाची मान खाली जाते, ती जाऊ नये म्हणून ते दार. आजोबा याला सदाका म्हणायचे. कोणी दान म्हटलं की चिडायचे. म्हणायचे, दान कसलं, ज्याला लागतं त्याच्यापाशी ती वस्तू असणं हाच न्याय.

दापोलीला घर झालं तेव्हा तसंच दार इथेही पाडलं, ती पद्धतही सोबत आली. माझ्या वडिलांनी चार गॅसबत्त्या घेतल्या, आजारी माणसाला डोंगरातून खाली आणायला एक डोली करून घेतली. बत्त्या आता फक्त विद्यापीठातली मुलं नाटकासाठी नेतात. मी ग्रंथालयातून निवृत्त झाले तेव्हा दवाखान्यात असतो तसला, डोक्याकडून वर होणारा पलंग घेतला, आणि एक वॉकर. त्या पलंगावर आजवर किती माणसं बरी झाली ते मला माहीत नाही. नावं लिहायची नाहीत, हाही आजोबांचाच नियम. पातेल्यांत काय शिजतं तेही आपण विचारत नाही. आपल्याला वर्ज्य असलेली कोळंबीही शिजत असेल. म्हणून आपण स्वतः त्यात कधी जेवत नाही, एवढंच.

नव्वद वर्षांत एक झाकण तेवढं हरवलं. तेही होडीतून नेताना दाभोळच्या खाडीत पडलं.

आता सांग, मी हे कोणाला देऊन टाकू?

तुझी आत्या,
सिपोरा


दापोली
४ डिसेंबर २०२२

चि. शुला,

थोडी सर्दी आहे, म्हणून चार ओळीच लिहिते. माझ्या येण्याचा विचार सध्या सोडून दे. खोली भाड्याने द्यायची असेल तर दे. माझी वाट पाहू नकोस.

आत्या


अश्दोद
९ डिसेंबर २०२२

आत्या,

तुझ्या चार ओळी वाचून वाईट वाटलं. खोली भाड्याने दे, असं तू लिहावंस?

तू आमच्यावर रागावलेली आहेस, हे मला आता कळलं. बाबा तुला आणि आजोबांना मागे ठेवून निघून आले, ते तू कधीच विसरली नाहीस. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तुला एकटीला मागे ठेवलं त्याची भरपाई मी करू शकत नाही, पण निदान आता तुझ्याजवळ असावं, एवढंच मला वाटत होतं.

तुला पातेल्यांची काळजी जास्त असेल तर तसं सरळ लिही. मी पुन्हा विचारणार नाही.

शुला


दापोली
११ डिसेंबर २०२२

प्रिय शुला,

मी मालिनी. तुमची पत्रं न वाचण्याचं कबूल केलं होतं आणि आजवर पाळलं. कालचं तुझं पत्र मात्र झेरॉक्सवाल्याने मोठ्या अक्षरांत छापलं होतं, वाटेत नजर गेली. तू चुकीची समजूत करून घेते आहेस. म्हणून सिपोराला न सांगता लिहिते.

तिला सर्दीबिर्दी काही नाही. चोवीस नोव्हेंबरला ती पडवीत घसरून पडली. कोणीतरी पातेली धुवून ठेवली होती, खाली ओल होती. कमरेच्या हाडाला चीर गेली आहे. ऑपरेशन लागलं नाही, पण डॉक्टरांनी सहा आठवडे झोपून राहायला सांगितलं, आणि तेही उंच पलंगावर, कारण खाली बसणं-उठणं तिला बंद आहे. पलंग घरातच होता. माझे यजमान भास्कर आणि मी तो पडवीतून आत आणला.

चौथ्या दिवशी काशीराम आला. वरच्या वाडीतला शेतकरी. त्याच्या आईला, गंगाकाकीला, अर्धांगाचा झटका येऊन गेला, दवाखान्यातून घरी आणायची होती. पडवीत पलंग नाही म्हणून त्याने समोरचं दार वाजवलं. तेव्हा सिपोरा कशीबशी खुर्चीत बसलेली, अंगावर शाल. म्हणाली, "आत आहे तो, झाडायला घेतला होता. घेऊन जा." तो बिचारा दुवा देत पलंग घेऊन गेला.

तेव्हापासून ती जमिनीवर गादी घालून झोपते. उठवायला आम्ही दोघं लागतो. मी ओरडले तर म्हणते, "आपल्या घरात देणं असतं, घेणं नसतं." कोणाला कळू द्यायचं नाही म्हणून पुढचं दार लावून बसते. माझ्या हातचं वरण-भात खाते, तेही मी शेजारीण म्हणून नाही, तर मी ऐकत नाही म्हणून.

तुझ्यावर ती रागावलेली नाही. तुझं पहिलं पत्र तिच्या उशाखाली आहे.

तुझी,
मालिनीकाकू


अश्दोद
१३ डिसेंबर २०२२

प्रिय आत्या,

मालिनीकाकूंनी मला सगळं कळवलं. त्यांच्यावर रागवू नकोस. मी तुला भलतंसलतं लिहिलं, त्याबद्दल माफ कर.

आता मी तुला एक गोष्ट सांगते. ती कधीच लिहायची नाही असं बाबांनी मला बजावलं होतं. आज त्यांचं ऐकत नाही.

आम्ही इथे आलो ते हिवाळ्यात. बाबांनी तुला लिहिलं असेल की घर मिळालं, नोकरी मिळाली. घर मिळालं होतं, त्यात काही नव्हतं. आम्ही कोट अंगावर घालून फरशीवर झोपायचो. दुसऱ्या वर्षी कारखान्यात बाबांचा हात यंत्रात सापडला आणि सात महिने ते घरी बसून होते. हेही तुला माहीत नसेल.

आमच्या खालच्या मजल्यावर मसूदा नावाची बाई राहायची. मोरोक्कोहून आलेली. तिच्या जिन्याखाली गाद्या, पाळणे, शाळेची दप्तरं, रॉकेलच्या शेगड्या असं काय काय भरलेलं असायचं. ज्याला लागेल त्याने न्यावं. अगदी आपल्या पडवीसारखं, पण बाबा तिथे जायला तयार नव्हते. आई म्हणाली, पोर खोकते आहे, एक शेगडी तरी आणा. बाबा म्हणाले, "आपल्या घरात देणं असतं, घेणं नसतं." तुझंच वाक्य, आत्या. शब्दही तेच.

मग एके दिवशी मसूदा स्वतः वर आली. तिला मराठी येत नव्हतं, आम्हाला तिची भाषा येत नव्हती. तिने शेगडी आमच्या खोलीच्या मधोमध ठेवली, पेटवली, आणि आपण स्वतः फरशीवर बसून हात शेकायला लागली. जणू तिलाच थंडी वाजत होती. बराच वेळ बसली. मग बाबांचा चांगला हात धरून तिने त्यांना शेजारी बसवलं. बाबा रडले, ते मी पाहिलं.

ती शेगडी तीन हिवाळे आमच्याकडे होती. गाद्या होत्या. माझं इथलं पहिलं दप्तर तिथलंच. बाबा म्हणाले, "सिपोराला कळवू नकोस. तिला वाटेल, एलोजीच्या नातवाने हात पसरला."

मला तसं कधी वाटलं नाही. मी त्या शेगडीमुळे वाचले असं आई म्हणायची. काशीराम तुझ्या दारात आला तेव्हा त्याची मान खाली गेली असं तुला वाटलं का? मग तुझी का जावी? सगळ्यांनी तुझ्याकडून घ्यायचं आणि तू कोणाकडून घ्यायचं नाही, यात न्याय कुठे आहे?

तुझी,
शुला


दापोली
१ जानेवारी २०२३

चि. शुला हिस अनेक आशीर्वाद.

दोन दिवस मी मालिनीशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीही माझ्याशी बोलेना, तेव्हा मला बोलावंच लागलं. कारण उठवणार कोण?

दादाची ती वर्षं मला खरंच माहीत नव्हती. त्याने तेव्हा लिहिलं होतं, इथली थंडी फार गोड असते. मी ते पत्र ग्रंथालयात चार जणींना वाचून दाखवलं होतं. तुझं पत्र वाचल्यावर ते शोधून काढलं. अक्षर वाकडंतिकडं आहे. तेव्हा वाटलं होतं, घाईत लिहिलं असेल. आता कळलं, डाव्या हाताने लिहिलं होतं. शुला, मला फार रडू आलं. त्याच्या हालांसाठी आलंच, पण त्याला ते माझ्यापासून लपवावं लागलं यासाठी जास्त. मी अशी कशी बहीण, जिला खरं सांगायची भीती वाटावी?

आता इकडची हकिकत. मालिनीने एकदा तोंड उघडलं की ते तुझ्यापाशी थांबत नाही. काशीरामलाही कळलं. तो त्याच संध्याकाळी पलंग टेम्पोत घालून दारात हजर. म्हणाला, "बाय, तुमी मोडलेलं हाड घेऊन जमिनीवर निजलात नि माज्या आयेला पलंग दिलात? तिला कळल्यापासून ती त्याच्यावर पाठ टेकायला तयार न्हाय. खुर्चीत बसून आहे."

मी म्हटलं, "तिला सांग, तिचा आजार मोठा आहे." पलंग परत पाठवला. दुसऱ्या दिवशी गंगाकाकीने तो पुन्हा माझ्याकडे धाडला. मी पुन्हा पाठवला. तिसऱ्या फेरीला काशीराम नुसता ओटीवर बसून राहिला. "बाय, टेम्पोवाला हसतो आता," म्हणाला. "तुमी दोघी ठरवा एकदा काय ते. तवर पलंग टेम्पोतच राहू दे."

मग तोच काहीतरी ठरवून उठला. पलंग आईकडे नेला आणि पाच दिवस दिसला नाही. सहाव्या दिवशी तो चार माणसांसह एक नवी खाट घेऊन आला. फणसाच्या लाकडाची, पिवळीधमक. माझ्या गुडघ्याच्या मापाने उंच केलेली, धरून उठायला बाजूला दांडा. मी विचारलं, एवढं मुरलेलं लाकूड आणलंस कुठून? तर घराच्या पुढच्या दारासाठी चार वर्षं फळ्या ठेवल्या होत्या, त्या काढल्या म्हणे.

"आणि तुझं दार?"

"आहे ते जुनं चाललंय. घरात चोरण्यासारखं हाय काय?"

माझ्या तोंडात "नको" आलं होतं. खरंच अगदी दातांपर्यंत आलं होतं. मग ती मसूदा आठवली, जिला मी कधी पाहिलं नाही. मालिनीने आणि त्याने मला धरून उठवलं आणि मी खाटेवर बसले. काशीराम समोर उभा होता. पन्नाशीचा बाप्या, पण परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा दिसत होता. सगळा जन्म मी लोकांना वस्तू देत आले, पण देणाऱ्याचा चेहरा समोरून कसा दिसतो ते मला ठाऊकच नव्हतं. फार सुंदर दिसतो गं. मी आजवर तो सगळा आनंद एकटीनेच घेत होते.

त्यानंतर पुढचं दार उघडं ठेवलं. आता रोज कोणी ना कोणी डबा आणतं. आपण खवल्यांचाच मासा खातो हे गावाला माहीत आहे, तरी खालच्या आळीतल्या एकीने मोठ्या प्रेमाने तिसऱ्या, म्हणजे शिंपल्याच, आणल्या. तेव्हापासून मालिनी दारातच डबे तपासते. जन्मात मासा न शिवलेली ती बाई, चष्मा लावून कढीतला मासा चमच्याने उलटते आणि विचारते, "सिपोरा, याला खवले होते असं म्हणतात, विश्वास ठेवू का?"

वॉकर धरून खिडकीपर्यंत जाते आता.

तुझी आत्या,
सिपोरा


अश्दोद
१२ फेब्रुवारी २०२३

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. पलंगाच्या फेऱ्यांपाशी आम्ही इतके हसलो की शेजारी डोकावले.

मग मला राहवेना. मी मसूदाला शोधून काढलं. एक्क्याण्णव वर्षांची आहे, मुलीकडे राहते, डोकं ठणठणीत. मी जुनी ओळख सांगितली, शेगडीची सगळी गोष्ट सांगितली, आभार मानले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणती शेगडी?" तिला आम्ही कोणीच आठवत नाही. बाबा चाळीस वर्षं ज्या गोष्टीची लाज बाळगून होते, ती देणाऱ्या बाईला आठवतच नव्हती. मी येताना रस्त्यात हसतही होते आणि डोळेही पुसत होते.

आता माझं ऐक. कायमची येऊ नकोस. ते कागद मी बाजूला ठेवले. एप्रिलमध्ये पेसाहच्या सणाला ये, दोन महिने राहा, आणि परत जा. परतीचं तिकीटही मीच काढते. तू घ्यायला शिकली आहेस असं म्हणतेस, तर हे घेऊन दाखव.

तुझी,
शुला


दापोली
१९ मार्च २०२३

चि. शुला हिस अनेक आशीर्वाद.

तिकीट मिळालं. घेतलं. येत्या रविवारी निघते. मालिनी आणि भास्कर मुंबईपर्यंत सोबत आहेत. डॉक्टरांनी काठी घेऊन चालायची परवानगी दिली आहे. पडवीकडे काशीराम बघेल, म्हणजे खरं तर कोणी बघायची गरज नाही, पण तसं म्हटलं तर त्याला वाईट वाटेल.

एक अडचण आली, ती कशी सुटली ते सांगते आणि पत्र संपवते.

माझ्याकडे बॅग नव्हती. दापोली सोडून मी जास्तीत जास्त रत्नागिरीला किंवा पुण्याला गेले, त्याला खांद्यावरची पिशवी पुरली. बाजारात जाऊन घेता आली असती. मालिनीही आपली द्यायला तयार होती. पण माझ्या मनात काही वेगळंच आलं. मी रिक्षा केली आणि वरच्या वाडीत काशीरामच्या घरी गेले.

तो अंगण सारवत असलेल्या बायकोशी, दीपालीशी, बोलत होता. मला काठी टेकत येताना पाहून दोघं धावले. त्यांना वाटलं, काही वाईट बातमी आहे. आत गंगाकाकी पलंगावर टेकून बसली होती, तिने बऱ्या हाताने मला जवळ बसवलं. चहा आला. मी तो पिऊन दुसराही घेतला. चौऱ्याहत्तर वर्षांत मी कोणाच्या दारात काही मागायला गेले नव्हते, शुला. कसं मागतात तेच माहीत नाही. शेवटी एका दमात म्हटलं, "काशीराम, मला एक मोठी बॅग हवी आहे. दोन महिन्यांसाठी."

मग दीपाली उठली. त्यांच्या मुलाची, रितेशची चाकाची बॅग माळ्यावर होती. तो मुंबईहून गणपतीला येतो ती. तिने ती खाली काढली, आतले कपडे पलंगावर ओतले, ओल्या फडक्याने पुसली, चाकं फिरवून पाहिली. विमानतळावर ओळखू यावी म्हणून मुठीला आपल्या जुन्या साडीची हिरवी चिंधी बांधली. गंगाकाकी तिला बसल्या जागेवरून सूचना देत होती, "बाजूचा खण बघ, चेन नीट चालते का बघ." घरात लग्नाची तयारी चालावी तशी तिघांची धांदल. मान खाली घालायला मला वेळच मिळाला नाही.

रिक्षात बॅग ठेवताना मी काशीरामला म्हटलं, "मे अखेरीला आणून देते. नक्की."

तो म्हणाला, "बॅग मागं राहिली तरी चालेल, बाय. तुमी या."

तुझी आत्या,
सिपोरा